जे आलं नाही, त्याचा राग

पत्र:

ताई, मी २६ वर्षांचा आहे. सांगलीत एका कारखान्यात हिशेब बघतो. आमचा पाच जणांचा गेमिंगचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात माझा मावसभाऊही होता. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, मी त्याला दादाच म्हणतो. लहानपणी कंट्रोलर पहिल्यांदा माझ्या हातात दिला तो त्यानंच. आता तो पुण्यात एका स्टुडिओत परदेशी कंपन्यांच्या गेमसाठी काम करतो. भिंती, दरवाजे, झाडं, दगड, असलं सगळं तो घडवतो.

३१ जुलै २०२५ ला संध्याकाळी साडेसहाला निन्टेंडो या जपानी गेम कंपनीचा पार्टनर शोकेस होता, म्हणजे येणाऱ्या गेमची ओळख करून देणारा ऑनलाइन कार्यक्रम. आम्ही आपापल्या घरी बघत होतो आणि ग्रुपवर लिहीत होतो. मला ‘हॉलो नाइट: सिल्कसाँग’ची तारीख हवी होती, सहा वर्षं वाट बघत होतो. ‘मेट्रॉइड प्राइम ४’चीही हवी होती. पंचवीस मिनिटं संपत आली तरी काहीच नाही. मी प्रत्येक ट्रेलरला ‘कचरा’, ‘पुढचा’ असं लिहीत होतो. शेवटी ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ एलियट’ आला. दादानं लिहिलं, ‘यातलं उजेडाचं काम बघा रे.’ मी लिहिलं, ‘तुझ्यासारख्या कंत्राटी लोकांनीच केलं असणार, म्हणूनच असं दिसतंय.’ पाच मिनिटांनी तो ग्रुपमधून बाहेर पडला.

सिल्कसाँग नंतर आला, मी तो पूर्णही केला. दिवाळीला मावशीकडे दादा माझ्याशी ‘काय, बरंय ना’ एवढंच बोलला. मित्र म्हणतात, शो रटाळच होता, तुझं काय चुकलं? प्रेक्षकाला वाईटाला वाईट म्हणायचा हक्क नाही का? आणि असा शो संपला की मला दर वेळी एवढं रिकामं का वाटतं?

– धाकटा भाऊ, सांगली

उत्तर:

प्रिय धाकट्या भावा,

आधी दादाचं बोलू. शो रटाळ होता की चांगला, याचा त्या वाक्याशी संबंधच नाही. तू एका माणसाच्या पोटापाण्याच्या कामाला चार जणांसमोर हलकं म्हटलंस, आणि तेही त्यानं मनापासून एक गोष्ट दाखवली त्या क्षणी. ‘उजेडाचं काम बघा’ असं म्हणणारा माणूस स्वतःच्या धंद्यातलं काहीतरी तुमच्यापुढे ठेवत होता. सुतार दुसऱ्याच्या घरी गेला की दरवाजाचा सांधा हात फिरवून बघतो, तसं ते होतं. त्यावर तू ‘कंत्राटी’ हा शब्द फेकलास. तुझे मित्र शोबद्दल बोलतायत. दादा शोमुळे गेला नाही, तुझ्यामुळे गेला. हे मी कडक लिहितेय, कारण तुलाही ते कळलेलं आहे. नाहीतर इतक्या महिन्यांनी तू मला पत्र लिहिलं नसतंस.

तो घाव इतका खोल का गेला असेल, त्याबद्दलही सांगते. दादा कुठल्या स्टुडिओत आहे ते तू लिहिलं नाहीस आणि मी विचारतही नाही. पण पुण्यात गेमच्या धंद्यात असलेलं कुणी २०२० चा सप्टेंबर विसरलं असेल असं मला वाटत नाही. त्या महिन्यात युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीनं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. ती घडवत होते युबिसॉफ्टचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ. एवढ्या गाजलेल्या नावाचा गेम आपल्याकडच्या लोकांच्या हाती आला होता. ट्रेलर आला आणि जगभरातून थट्टा सुरू झाली. चेहरे प्लास्टिकचे वाटतात, दोन पिढ्या मागच्या कन्सोलवरचं, म्हणजे गेम खेळायच्या जुन्या यंत्रावरचं दिसतंय, असं लोक म्हणाले. त्यातलं बरंचसं चित्राबद्दलच होतं आणि खोटंही नव्हतं. पण काही लोक तिथे थांबले नाहीत. ‘भारतात करायला दिलं, मग असंच होणार’ इथपर्यंत ते गेले. गेम जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तो आधी मार्चवर आणि मग बेमुदत पुढे गेला. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओला दिलं गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये प्रकल्पच रद्द झाला.

दादाचा त्या कामाशी काही संबंध असेल किंवा नसेलही. पण ‘तुझ्यासारख्यांनी केलं असणार, म्हणूनच असं दिसतंय’ हे वाक्य त्यानं परक्यांकडून कितीदा ऐकलं असेल याचा विचार कर. आता ते त्याला घरातून ऐकू आलं.

आता शोकडे येते. तुझं पत्र आल्यावर मी तो अख्खा पाहिला आणि मग पत्र पुन्हा वाचलं. तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. न आलेल्या दोन्ही गेमची नावं तू नीट लिहिलीस. पंचवीस मिनिटांत जे दिसलं, त्यातलं एकच नाव तुझ्या पत्रात आहे, आणि तेसुद्धा दादाशी भांडण त्याच्यावरून झालं म्हणून. त्या शोमध्ये ‘मॉन्स्टर हंटर स्टोरीज ३’ होता, ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर ०’ होता, ‘वन्स अपॉन अ कातामारी’ होता. १९९७ साली आलेल्या ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ची नवी आवृत्ती होती. ‘पर्सोना ३ रीलोड’ होता, ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ही होता. यातलं सगळं तुला आवडायला हवं असं मुळीच नाही. पण तू ते पाहिलंच नाहीस. तू फक्त ते संपायची वाट बघत होतास. जे आलं नाही त्याचा राग तू जे आलं त्याच्यावर काढलास, आणि तो पुढे सरकत सरकत दादापर्यंत पोचला.

यात तुझी एक आशा रास्त होती आणि एक नव्हती. शोचं नावच ‘पार्टनर शोकेस’ होतं. इतर कंपन्यांचे आमच्या कन्सोलवर येणारे गेम दाखवू, असं निन्टेंडोनं आधीच सांगितलं होतं. ‘मेट्रॉइड’ हा निन्टेंडोचा स्वतःचा गेम, त्यामुळे तो तिथे येणारच नव्हता. नाट्यगृहाच्या पाटीवर एका नाटकाचं नाव लिहिलेलं असताना आत जाऊन दुसऱ्या नाटकाची वाट बघत बसावं, तसं ते झालं. सिल्कसाँगची गोष्ट वेगळी. तो ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या मूठभर माणसांच्या चमूचा गेम, म्हणजे बाहेरच्यांचाच. फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झालेला. एप्रिल २०२५ मध्ये निन्टेंडोच्या नव्या कन्सोलच्या, स्विच २ च्या मोठ्या कार्यक्रमात तो ओझरता दिसला होता आणि त्याच वर्षी येईल असंही कळलं होतं. त्याची आशा तू धरलीस यात काही गैर नाही. मीही धरली असती.

पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे. २१ ऑगस्टला सिल्कसाँगची तारीख आली, ४ सप्टेंबरला गेम आला, आणि त्या दिवशी एकदम इतके लोक विकत घ्यायला धावले की ऑनलाइन दुकानं अडखळली. १२ सप्टेंबरच्या निन्टेंडोच्या कार्यक्रमात ‘मेट्रॉइड प्राइम ४’चीही तारीख आली, ४ डिसेंबर. ज्या दोन गोष्टींसाठी तू त्या संध्याकाळी एवढा चिडलास, त्या दोन्हींच्या तारखा सहा-सात आठवड्यांच्या आत जाहीर झाल्या. टीम चेरीच्या लोकांनी उशिराचं कारण सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. काम अडलेलं नव्हतं, करण्यात मजा येत होती, नवं नवं सुचत होतं, म्हणून वेळ लागला, असं त्यांचं म्हणणं होतं. तू इकडे दर शोला जीव टांगून बसत होतास, आणि तिकडे ती माणसं आनंदानं काम करत होती.

म्हणूनच शो संपला की तुला रिकामं वाटतं. सहा वर्षांत शो बघणं हाच तुझा गेम झाला होता. प्रत्येक शोला बक्षीस एकच, ते लागलं तर जिंकलो, नाहीतर हरलो. सिल्कसाँगच्या चाहत्यांमध्ये ही चालच पडली होती. दर कार्यक्रमाआधी ‘आज येणार’ म्हणून विदूषकाचे चेहरे टाकायचे आणि नंतर सगळ्यांनी मिळून कण्हायचं. एकत्र कण्हण्यातही जिव्हाळा असतो, मला तो कळतो. पण ज्याला त्या संध्याकाळी दुसरंच काहीतरी हवं असतं, त्याच्या आनंदावर त्यामुळे पाणी पडतं.

जून २०२२ चा पार्टनर शोकेस आठव. त्यातही सिल्कसाँग नव्हता आणि त्यातही लोक हळहळले. पण त्याच पंचवीस मिनिटांत ‘पर्सोना ५ रॉयल’ स्विचवर येणार हे जाहीर झालं. ते ऐकायला काही लोक वर्षानुवर्षं कान लावून बसले होते. तुझ्यासारख्या कुणीतरी ‘पुढचा’ असं लिहिलं असेल, नेमकं त्याच सेकंदाला दुसरा कुणीतरी खुर्चीतून उठून ओरडला असेल. तुझ्या ग्रुपमध्ये एलियटच्या ट्रेलरला दादा तसाच उठला होता.

आता तुझा हक्काचा प्रश्न. वाईटाला वाईट म्हणायचा हक्क आहे, पुरेपूर आहे, आणि तो तू सोडू नयेस. चाहते रागावले आणि त्यांचंच बरोबर होतं, असंही झालं आहे. ७ मे २०२० ला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सनं नव्या कन्सोलवर येणारे बाहेरच्या कंपन्यांचे १३ गेम दाखवले. आधी जाहिरात केली होती की गेम प्रत्यक्ष खेळताना दिसतील, त्यातही ‘असॅसिन्स क्रीड व्हॅलहाला’ पहिल्यांदाच दिसेल. प्रत्यक्षात त्याच्या ट्रेलरमध्ये देखावे आणि प्रसंगांचे तुकडे होते, खेळ असा जवळजवळ नाहीच. लोक खवळले. त्यांचं म्हणणं साधं होतं, तुम्ही जे दाखवू म्हणालात ते दाखवलं नाहीत. एक्सबॉक्सच्या विपणनाचे तेव्हाचे प्रमुख आरन ग्रीनबर्ग यांनी, आम्ही चुकीच्या अपेक्षा निर्माण केल्या, हे जाहीरपणे मान्य केलं. शब्द दिला आणि पाळला नाही, एवढाच मुद्दा लोकांनी धरला होता, म्हणून तो टाळता आला नाही.

स्विच २ बाबतही तुझ्याकडे खरी तक्रार आहे. बाहेरच्या कंपन्यांचे बरेच गेम ‘गेम-की कार्ड’वर येतात. पूर्ण पैसे मोजायचे, हातात कार्ड यायचं, पण त्यात गेम नसतोच. तो सगळा डाउनलोड करायचा. गावात इंटरनेट धड नसेल तर काय करायचं, दहा-पंधरा वर्षांनी डाउनलोडची सोय बंद झाली तर काय? हे प्रश्न विचार, मोठ्यानं विचार. मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण बघ, ही तक्रार एका निर्णयाविरुद्ध आहे. दरवाजा आणि दगड घडवणाऱ्या माणसाविरुद्ध नाही.

आणि नीट सांगितलेलं पोचतं. एलियट ज्या स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचा आहे, तिनंच सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’चा डेमो, म्हणजे खेळून बघायचा छोटा भाग, काढला होता आणि खेळणाऱ्यांना मतं विचारली होती. सुमारे ४५ हजार लोकांनी उत्तरं दिली. चालण्याचा वेग कमी पडतो, संवादाचे लांब प्रसंग वगळता येत नाहीत, अशा अगदी साध्या गोष्टी लोकांनी लिहिल्या. जुलै २०१८ मध्ये गेम आला तेव्हा त्यात धावण्याची सोय होती, प्रसंग वगळण्याची सोय होती. ज्यानं ‘कचरा’ म्हटलं त्याचं कुणी काय करणार? ज्यानं ‘चालताना कंटाळा येतो’ म्हटलं, त्याच्यामुळे पुढच्या लाखो खेळणाऱ्यांचे पाय मोकळे झाले. दुसऱ्या बाजूला त्याच कंपनीला जानेवारी २०२५ मध्ये धोरण जाहीर करावं लागलं की आमच्या माणसांना धमक्या, शिवीगाळ केली तर सेवा बंद करू, वेळ पडली तर कायद्यानं जाऊ. पडद्यामागे माणसं आहेत हे लिहून सांगायची वेळ त्यांच्यावर आली.

दादाला जो उजेड दिसला त्याबद्दल दोन शब्द सांगते, कारण त्याच्याशी बोलताना ते तुला उपयोगी पडतील. ‘ऑक्टोपॅथ’पासून स्क्वेअर एनिक्सनं एक शैली रुजवली, तिला एचडी-टूडी म्हणतात. माणसं जुन्या गेमसारखी ठिपक्याठिपक्यांची आणि चपटी. पण ती फिरतात ते जग खोली असलेलं, आणि त्यावर पडणारा प्रकाश आजच्या तंत्राचा. कंदिलाजवळून ठिपक्यांचा माणूस गेला तर त्याच्या अंगावर उजेड पडायला हवा, मागे सावली जायला हवी, आणि तरीही तो जुन्या काळचाच वाटायला हवा. उजेड थोडा जास्त झाला की चित्र प्लास्टिकचं होतं आणि कमी झाला की मेल्यासारखं दिसतं. हे जमवायला डोळा लागतो. भिंती आणि दगड घडवणाऱ्या माणसाला तो डोळा असतो, कारण त्याचं निम्मं आयुष्य एका कोपऱ्यावर उजेड कसा पडेल हे बघण्यात जातं. आणि या धंद्यात असं काम करणाऱ्या बाहेरच्या स्टुडिओतल्या माणसाचं नाव गेमच्या शेवटच्या नामावळीतही कधी कधी येत नाही. स्टुडिओचं येतं, त्याचं नाही. आपलं काम कुणीतरी नावानं ओळखावं अशी इच्छा असलेला माणूस तुला म्हणत होता, ‘बघा रे.’

तर आता काय करायचं? मेसेज नको. ग्रुपमध्ये त्याला परत घालून सगळ्यांसमोर ‘सॉरी दादा’ तर नकोच, म्हणजे त्याला चार जणांसमोर मोठेपणा दाखवणं भाग पडतं. फोन कर आणि फक्त एवढंच विचार की, या रविवारी पुण्याला येऊ का. तो ‘कशाला’ म्हणेल. ‘तुला भेटायला’ म्हण. मावशीला मध्ये घालू नकोस. तिला कळलं की ती दोघांनाही एका ताटात जेवायला बसवेल, आणि जे बोलायचं ते पुन्हा राहून जाईल.

भेटल्यावर शोचं, सिल्कसाँगचं, सहा वर्षांच्या वाट बघण्याचं काही सांगू नकोस. ते सगळं खरं असलं तरी त्या क्षणी ते सबब वाटेल. ‘दादा, मी तुझ्या कामाबद्दल जे लिहिलं ते वाईट होतं, आणि सगळ्यांसमोर लिहिलं ते त्याहून वाईट होतं’, एवढं म्हण आणि थांब. तो गप्प बसला तर बसू दे. ‘जाऊ दे रे’ म्हणाला तर लगेच हलकं वाटून घेऊ नकोस. मोठी भावंडं ते सवयीनं म्हणतात, मनातून गेलेलं नसतं. त्याला जायला अजून दोन-तीन भेटी लागतील. त्या दे.

ग्रुपमधल्या बाकीच्यांनाही तुला काहीतरी सांगावं लागेल. तुझं वाक्य त्यांनी वाचलं होतं आणि कुणीही टोकलं नाही, उलट नंतर तुझीच बाजू घेतली. दादाला तेही लागलं असणार. त्यांना सरळ लिही की त्या दिवशी दादाला बोललो ते चूक होतं. ते हसतील, विषय बदलतील, चालेल. तू लिहिलेलं तिथे राहील.

पुढच्या शोच्या वेळी, तो कुठल्याही कंपनीचा असो, आधी तो कशाबद्दल आहे ती घोषणेची ओळ वाच. चालू असताना ग्रुपवर लिहायचं असेल तर जे पडद्यावर आहे त्याबद्दलच लिही. आवडलं नाही तर काय आवडलं नाही ते लिही. ‘लढाई संथ वाटते’ हे चालेल, ‘कचरा’ चालणार नाही. आणि शो संपल्यावर त्यातला एक गेम निवड, तुझ्या आवडीचा नसला तरी चालेल, आणि तो हाती येईपर्यंत त्याच्या मागावर राहा. ‘आउटलॉज’चंच उदाहरण घे. एवढा जड गेम त्या छोट्या कन्सोलवर काय चालणार, अशी शंका अनेकांना होती. सप्टेंबरमध्ये तो आला आणि तो तिथे इतका नीट बसवलेला बघून तंत्र जाणणाऱ्यांनीही कौतुक केलं. ‘पुढचा’ म्हणून सोडून दिलेल्या गेमचं नंतर काय होतं हे एकदा बघितलंस, की शो संपल्यावर हातात काहीतरी उरेल.

आणि पुण्याला जाताना तुमच्यापैकी ज्याच्याकडे स्विच २ आहे त्याच्याकडून तो दोन दिवस मागून घे. एलियटचा डेमो त्याच संध्याकाळी निघाला होता. तो उतरवून ने. कंट्रोलर दादाच्या हातात दे, तू शेजारी बस, आणि उजेडाचं काम कुठे कुठे आहे ते त्याला दाखवू दे.

– तुझी ताई